मुलाबाळांसह मुंबईंत कोठें उतरावें?

आजच्या विषयाचें नांव ऐकून आपणांपैकीं कांहींना असें वाटलें असेल, कीं ज्यानें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविलें, त्या पेन्शनर मास्तरास हॉटेलांविषयीं बोलण्याचा अधिकार कोणीं दिला? शंका रास्त आहे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं, आणि नोकरींत असतांना हॉटेलांत राहण्याचा प्रसंग मला एकदांहि आला नाहीं. परंतु 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. ठेच मला लागलेली आहे. शहाणपण आपणांस घेतां यावें, एवढ्याचसाठीं मी आज बोलणार आहें.

माझ्या बालपणीं मुंबईस जाणें याचा अर्थ गिरगांवांत मामांकडे जाणें असाच होता. चाळींतील दोन खोल्यांचें बिऱ्हाड. त्यांत मामांचीं पांच माणसें आणि आम्ही चार पाहुणे. रात्रीं गॅलरींत ओळीनें अंथरुणें पडत आणि सकाळीं नळावर नंबर लागत. गैरसोय पुष्कळ होती, पण ती कोणास गैरसोय वाटत नसे. ज्यांना मुंबईंत नातलग नसत, ते धर्मशाळेंत किंवा भोजन-निवासगृहांत उतरत. क्रॉफर्ड मार्केटाजवळचें सरदारगृह अशा निवासगृहांपैकीं विशेष प्रसिद्ध. लोकमान्य टिळकांनीं १ ऑगस्ट १९२० रोजीं तेथेंच देह ठेवला, हें आपणांस ठाऊक आहेच. आतां मामा नाहींत, आणि मामेभाऊ विरारकडे राहावयास गेले. त्यांच्या घरीं नवराबायको दोघेंहि नोकरी करणारीं. सहा माणसांनीं तेथें जाऊन पडणें बरें दिसत नाहीं. म्हणून आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील कुटुंबासहि आज हॉटेलाचा विचार करावा लागतो, आणि तो नीट केला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत आम्ही सहाजण मुंबईस गेलों: मी, आमचें कुटुंब, चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि साडेचार वर्षांची नात. जागा ठरविण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. मोबाईलवर एका हॉटेलाचीं चित्रें पाहिलीं. रंगीबेरंगी खेळघर, घसरगुंडी, निळ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव, आणि खालीं 'मुलांसाठीं दिवसभर कार्यक्रम' अशी ग्वाही. मी भुललों आणि तीन रात्रींचे पैसे आगाऊ भरून मोकळा झालों. त्या हॉटेलाचें नांव मी सांगणार नाहीं. कारण दोष निम्मा त्याचा असला, तरी निम्मा माझा आहे.

रात्रीच्या गाडीनें निघून पहाटें सहाला आम्ही दाराशीं पोंचलों, तों कळलें कीं खोली दुपारीं दोन वाजतां मिळेल. आठ तास मुलें सामानावर डोकें टेकून पेंगत होतीं. खेळघर रोज चार ते सहा एवढाच वेळ उघडें असे. आणि मुलांच्या देखरेखीसाठीं नेमलेला तरुण पाहुण्यांच्या बॅगाहि वर पोंचवीत असे, त्यामुळें त्याची खुर्ची बहुधा रिकामीच दिसे. तिसऱ्या दिवशीं चारच्या सुमारास माझा जरा डोळा लागला. नात भावाबरोबर खेळघरांत आहे, असें मला वाटत होतें. ती आजोबांपाशीं आहे, असें नातवास वाटत होतें. आणि सूनबाईस वाटत होतें कीं दोन्ही मुलें आजीबरोबर आहेत. पोर मात्र उघड्या दारांतून एकटीच तलावाच्या कांठीं गेली होती, आणि पाण्यांत पडलेला चेंडू काढण्यासाठीं वांकली होती. टॉवेल गोळा करणाऱ्या एका बाईंनीं तें पाहिलें आणि धांवत येऊन तिचा दंड धरला. तलावास कुंपण नव्हतें. कांठावर जीवरक्षक नव्हता. त्या बाई तेथें नसत्या तर काय झालें असतें, हा विचार मनांत आला म्हणजे आजहि माझा घांस घशाखालीं उतरत नाहीं.

घरीं परतल्यावर पुष्कळ दिवस मी एकाच प्रश्नाचा विचार करीत होतों. मामांच्या चाळींत ना खेळघर होतें, ना घसरगुंडी. कठडे जुने, जिने अंधारे, रस्ता दोन पावलांवर. तरीहि आम्ही दिवसभर हुंदडत असूं आणि आईस काळजी वाटत नसे. कां? कारण प्रत्येक गॅलरींत कोणी ना कोणी बसलेलें असे. तांदूळ निवडणाऱ्या काकू, दाराशीं वर्तमानपत्र वाचणारे पेन्शनर, जिन्यांत गप्पा मारणारीं मोठीं मुलें, यांपैकीं कोणीहि 'अरे, कोणाचा रे तूं? एकटा कोठें निघालास?' असें हटकीत असे. चाळीनें आम्हांस खेळणीं दिलीं नाहींत. सवंगडी दिले आणि डोळे दिले. मुलांसाठीं चांगलें हॉटेल कोणतें, याचें माझें उत्तर यांतच आहे. जेथें मुलाला हातपाय हालवावयास जागा आहे आणि त्याच्यावर कोणाची तरी जबाबदार नजर आहे, तें हॉटेल चांगलें.

हें तत्त्व व्यवहारांत कसें आणावें? पहिली गोष्ट ठिकाणाची. मुंबईंत मुलांनीं पाहावें असें बरेंचसें दक्षिणेकडे आहे. भायखळ्यास १८६२ मध्यें खुली झालेली राणीची बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हंबोल्ट पेंग्विन तेथें २०१७ पासून पाहावयास मिळतात. बागेला लागूनच १८७२ सालचें डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय. हीं दोन्ही बुधवारीं बंद असतात. वरळीस १९८५ मध्यें सुरू झालेलें नेहरू विज्ञान केंद्र. तेथें 'हात लावूं नका' असें न म्हणतां 'हात लावून पाहा' असें म्हणतात, आणि बाहेरच्या आवारांत जुनें वाफेचें इंजिनहि आहे. फोर्टांत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि त्याच्याच आवारांत २०१९ पासून खास मुलांचें संग्रहालय. गेटवेवरून लाँचनें सुमारें तासाभरांत घारापुरी. पण तेथील लेणीं सोमवारीं बंद.

आतां पाहा. उत्तरेकडच्या उपनगरांत स्वस्त खोली घेतली, तर सकाळीं आठ ते अकरा सारी मुंबई ज्या दिशेस लोटते, त्याच दिशेस आपणांस मुलें कडेवर घेऊन लोकलनें जावें लागेल. संध्याकाळीं परततांनाहि तीच गत. वांचलेले पैसे टॅक्सींत जातात आणि मुलांचा जीव मेटाकुटीस येतो. म्हणून फोर्ट, भायखळा किंवा दादर हे भाग सोयीचे. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे मिळतात, आणि शिवाजी पार्कचें मोकळें मैदान आहे. ज्या हॉटेलापासून बाग किंवा मैदान पांच मिनिटांच्या वाटेवर आहे, त्यास खेळघर नसलें तरी चालेल.

दुसरी गोष्ट ही, कीं चित्रांवर न विसंबतां दूरध्वनि करून प्रश्न विचारावे. आम्ही वर्गांत सांगत असूं, कीं ज्याला प्रश्न नीट विचारतां आला, त्याला निम्मा धडा आला. खोली किती वाजतां मिळेल, आणि आधीं पोंचल्यास तोंड धुण्याची व सामान ठेवण्याची तरी सोय होईल काय? सांगितलेल्या दरांत कर आणि सकाळचा फराळ धरलेला आहे काय? किती वर्षांपर्यंतच्या मुलास आकार नाहीं, आणि जादा गादीस किती पडतील? ही वयाची मर्यादा प्रत्येक ठिकाणीं निराळी असते, म्हणून ती गृहीत धरूं नये. दोन खोल्या घेतल्यास त्या मधल्या दारानें जोडलेल्या, निदान शेजारच्या, मिळतील काय? मुलांस साधा वरणभात किंवा मऊ खिचडी मिळेल काय, आणि रात्रीं अवेळीं गरम दूध?

खेळघर असेल तर आणखी चार प्रश्न. तें कोणत्या वेळीं उघडें असतें? देखरेखीचें माणूस त्याच कामासाठीं आहे, कीं इतरहि कामें करतें? किती वयाच्या मुलास आईबापांवांचून ठेवून घेतात? आणि मूल परत कोणाच्या हातीं देतात? या शेवटच्या प्रश्नास मी फार महत्त्व देतों. 'कोणीहि येऊन घेऊन जावें' असें उत्तर आलें, तर तेथें मूल एकटें ठेवूं नये. 'कार्यक्रम' म्हणजे काय, हेंहि विचारावें. चित्रें रंगविणें, मातीकाम, बाहुल्यांचा खेळ, गोष्ट सांगणें, स्वयंपाकघरांत चिमुकली पोळी लाटावयास देणें, हे कार्यक्रम खरे. भिंतीवरच्या पडद्यावर चित्रपट लावून देणें हा कांहीं कार्यक्रम नव्हे. तो घरींहि होतो.

तलावाविषयीं मी अधिक कडक आहें. लहानांचा उथळ तलाव निराळा आहे काय? कुंपण आहे काय, आणि फाटकाची कडी मुलाच्या हाताच्या वर आहे काय? जीवरक्षक कोणत्या वेळीं असतो? बुडणारें मूल सिनेमांतल्याप्रमाणें ओरडत नाहीं. तें बहुधा मुकाट्यानें बुडतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रम चौथा लागतो. म्हणून जीवरक्षक असला, तरी आपण मुलापासून हाताच्या अंतरावर असावें.

तिसरी गोष्ट हॉटेलांत पोंचल्यावरची. खोलींत शिरतांच ट्रंका उघडण्यापूर्वीं पांच मिनिटें खर्चावीं. बाल्कनीचा कठडा पाहावा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें तो निदान एक मीटर उंच असावयास पाहिजे. गजांमधून मुलाचें डोकें जाईल एवढी फट नसावी. कठड्याजवळ खुर्ची किंवा टेबल ठेवलेलें असेल तर तें आंत ओढून घ्यावें, कारण खुर्ची मिळाली कीं उंच कठडाहि मुलापुरता ठेंगणा होतो. गरम पाण्याचा नळ स्वतः सोडून पाहावा. न्हाणीघराची कडी आंतून लागून मूल अडकलें तर ती बाहेरून उघडते काय, हें पाहावें. आग लागल्यास लिफ्ट वापरावयाची नसते. म्हणून मुलांना हातीं धरून जिना एकदां दाखवावा आणि पायऱ्या मोजावयास लावाव्या. मुलांना तो खेळ वाटतो आणि आपलें काम होतें.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही पुन्हां मुंबईस गेलों. या वेळीं दादरला एक लहानसें हॉटेल ठरविलें. दूरध्वनीवर तेथील व्यवस्थापक म्हणाले, "आजोबा, आमच्याकडे खेळघर नाहीं, तलाव नाहीं. रस्त्याचा आवाज येतो, आणि गरम पाणी सकाळीं नऊपर्यंतच मिळतें. पण गच्चीच्या दारास कुलूप असतें, आणि जिन्यापाशीं रात्रंदिवस माणूस असतो." जो आपण होऊन उणें सांगतो, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं, असें मीं ठरविलें. आवाज खरोखरच आला, आणि एके दिवशीं मला थंड पाण्यानें आंघोळ करावी लागली. नातीनें पहिल्याच दिवशीं 'येथें घसरगुंडी कां नाहीं?' म्हणून तोंड फुगविलें. परंतु संध्याकाळीं शिवाजी पार्कावर तिला तिच्याएवढी एक मैत्रीण मिळाली, आणि मग तीन दिवस घसरगुंडीचें नांव निघालें नाहीं.

आणखी एक नियम आम्ही या खेपेस केला, आणि माझ्या मतें साऱ्या भाषणांतला तोच महत्त्वाचा. मागच्या वेळीं आम्ही चार मोठीं माणसें होतों, आणि चौघांपैकीं प्रत्येकास वाटलें कीं मुलें दुसऱ्याजवळ आहेत. शाळेंत मधल्या सुटींत पटांगणावर कोणत्या शिक्षकानें लक्ष ठेवावयाचें, हें फळ्यावर लिहिलेलें असे. घरच्या चार शहाण्यांस मात्र तें सुचलें नव्हतें. आतां आम्ही पाळी लावतों. ज्याची पाळी असेल त्यानें मोठ्यानें म्हणावयाचें, 'आतां मुलें माझ्याकडे.' त्यानें तेवढा वेळ मोबाईल पाहावयाचा नाहीं, डोळा लागूं द्यावयाचा नाहीं. आणि उठावयाचें झालें तर दुसऱ्याकडून 'आतां माझ्याकडे' हे शब्द ऐकल्यावांचून उठावयाचें नाहीं. आमचें कुटुंब प्रथम हंसलें. दुसऱ्या दिवसापासून तीच हा नियम सर्वांत काटेकोरपणें पाळूं लागली.

श्रोतेहो, उन्हाळ्याच्या सुटीचे बेत आतां घरोघर होतील. हॉटेल निवडतांना दर पाहा, ठिकाण पाहा, मुलांसाठीं खेळ काय आहेत तेंहि अवश्य पाहा. चांगलें हॉटेल मुलांवर नजर ठेवण्याच्या कामांत आपणांस पुष्कळ मदत करतें, आणि त्यासाठीं चार पैसे अधिक पडले तरी ते द्यावे. परंतु तें काम सर्वस्वीं कोणा हॉटेलाच्या गळ्यांत घालतां येत नाहीं. चाळ गेली, चाळींतले डोळे आतां आपल्यालाच व्हावें लागणार आहे. माझ्या नातीच्या वेळीं एका अनोळखी बाईंनीं तें काम केलें, आणि मी झोंपलों होतों. तशी वेळ आपणांपैकीं कोणावर न येवो, एवढीच माझी इच्छा.