साखर किती, हे आपले आपल्याला ठाऊक असावे
(वर्धापनदिनी विहारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही दोघी निवृत्त परिचारिका. आम्हाला भाषणाचा सराव नाही, सुई टोचण्याचा आहे. तेव्हा गोड मानून घ्या, आजचा विषय जरी साखरेचा असला तरी!

बाबासाहेबांना मधुमेह होता. पाय दुखत, दृष्टी मंदावत गेली, १९५४ साली तर ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. त्या काळी घरच्या घरी बोटातल्या थेंबावर साखर बघण्याचे यंत्र नव्हते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही नव्हती. आज दोन्ही आहेत. तरी पौर्णिमेला आम्ही विहारात यंत्र घेऊन बसतो आणि "काका, साखर किती असते?" असे विचारतो, तेव्हा उत्तर येते, "ते डॉक्टरांना ठाऊक."

अहो, डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून दहा मिनिटे भेटतात. बाकी सगळे दिवस साखर तुमच्याच अंगात असते ना?

आकडे फार नाहीत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, असे दोनदा आले की मधुमेह. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. एचबीएवनसी बहुतेकांना ७ च्या आत ठेवायला सांगतात, फार वयस्कर माणसांना थोडी सूट असते. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारा आणि वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडाला सांगा, त्याचा अभ्यास होईल.

आम्हाला सर्वात भीती वाटते ती एका वाक्याची. "सिस्टर, साखर नॉर्मल आली, गोळी बंद केली." बाबांनो, ती नॉर्मल आली गोळीमुळे! बंद केली की पहिले काही दिवस काहीच होत नाही, दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर माणूस फसतो. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घ्यायची तर डॉक्टरांना सांगून घ्या, पण गोळीच्या बदली नको.

वस्तीतल्या एका गृहस्थांच्या चपलेचा खिळा वर आला होता. दिवसभर तो तळव्यात रुतत होता, त्यांना कळलेच नाही. संध्याकाळी मुलीला फरशीवर रक्त दिसले. जास्त साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, ते असे. जखम चिघळली, दोन बोटे काढावी लागली. रोज रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा आरशात बघा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. अनवाणी फिरू नका. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, चष्म्याचा नंबर नव्हे, पडदा.

आता उपोसथाविषयी. श्रद्धेने दुपारनंतर जेवण सोडता आणि गोळी मात्र नेहमीसारखी घेता, किंवा इन्सुलिन टोचता. मग रात्री दरदरून घाम, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात, साखर वाढली. ती वाढलेली नसते, उतरलेली असते! ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नका, थेट दवाखान्यात न्या. उपोसथ करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोला. आजाऱ्याचे औषध हे भिक्खूंच्या चार गरजांत गणलेले आहे, मग उपासकाने संकोच कशाला करावा?

वैशाखी पौर्णिमेची खीर? दोन चमचे घ्या, पण त्या दिवशी भात कमी करा. आणि ज्वारीची भाकरी चालते म्हणून चार खाऊ नका, मावशी. भाकरीचीही साखरच होते.

येत्या पौर्णिमेला आम्ही यंत्र घेऊन बसणार आहोत. येताना गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा. नुसते "पांढरी, सकाळची" असे सांगू नका, आमच्याकडे पांढऱ्या गोळ्यांचे पन्नास प्रकार आहेत.