धोटा आणि चिप

नव्वदच्या दशकात आमच्या भिवंडीत, पॉवरलूमच्या खडखडाटात, टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’च्या नकला. वडीलधारे म्हणायचे, पोरं बिघडणार. मला मात्र त्यातली चित्रं काढणारी चिप जातिवंत विणकर वाटते.

जपानच्या रिकोह कंपनीने ती खास याच यंत्रासाठी बनवली. अख्खं चित्र साठवायला तिच्याजवळ जागाच नव्हती. त्या कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट. नक्षी कॅसेटमध्ये असायची, आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांत. असे तुकडे आडवे ३२, उभे ३०. कुठे कोणता बसवायचा, एवढंच चिप लक्षात ठेवी आणि एकेक आडवी रेघ उमटवत खाली येई. धोटा बाणा टाकत जातो, अगदी तसं. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ढग आणि झुडूप एकाच नक्षीचे, रंग तेवढा निराळा. शेराला दोनच ओळी मिळतात, त्यातली ही काटकसर!

एका रेघेवर हलणारी चित्रं आठच मावत. नववं गायब. म्हणून खेळ रचणारे पाळीपाळीने एकेकाला लपवत आणि शत्रू लुकलुकत. आमची पोरं टीव्हीला थापडा मारायची.

फॅमिकॉमची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली. ते २०२१मध्ये गेले. आमच्याकडच्या नकली डब्यांवर त्यांचं नाव नव्हतं. विणणाऱ्याचं नाव आमच्या कापडावर तरी कुठे असतं? ठाण्यावर शिक्का बसतो तो व्यापाऱ्याचा.