वाचविलेल्या दाढेचे संरक्षण

(शाहूपुरी, कोल्हापूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेले भाषण)



शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत, १८९५ साली, गुळाच्या व्यापारासाठी वसविण्यात आली. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, तरी कोल्हापूर आणि गूळ ही जोडी काही तुटली नाही. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. मध्यवर्ती बसस्थानक व रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर असल्याने गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड अशा दूरच्या तालुक्यांतील माणूस एस. टी.तून उतरला की डॉक्टरांकडे जाण्यासाठी चालत याच भागात येतो. दाढदुखीने बेजार झालेल्या अशा माणसाचे म्हणणे बहुधा एकच असते : दाढ काढा आणि दुपारच्या गाडीला मोकळे करा.

ही मागणी अडाणीपणाची आहे, असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येक फेरीला एस. टी.चे भाडे पडते आणि एका दिवसाची मजुरी बुडते. दाढ काढणे एका फेरीत होते. वाचविण्यास तीन-चार फेऱ्या लागतात. परंतु हा हिशेब तेथेच संपत नाही. काढलेल्या दाढेची जागा मोकळी राहिली की शेजारचे दात त्या बाजूस कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ खाली वा वर सरकू लागते, फटीत अन्न अडकते आणि तेथे नवी कीड सुरू होते. एका दाढेपायी पुढे दोन-तीन दात धोक्यात येतात.

कीड म्हणजे काय?

दाताच्या कीडीत किडा नसतो. कानात किंवा तोंडात औषध घालून किडा काढून दाखविणारे लोक आठवडे बाजारातून अद्याप दिसतात. ती निव्वळ फसवणूक होय. तोंडातील जंतू साखर व पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताचे कवच विरघळवते. गूळ साखरेहून पौष्टिक असेल. परंतु दाताच्या दृष्टीने तोही साखरच आहे, शिवाय तो चिकटून राहतो. किती खाल्ला यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ला आणि नंतर चूळ भरली की नाही, याला अधिक महत्त्व आहे.

दाताचे कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. मोडलेले हाड सांधते, जखम भरून येते. पण झिजलेले कवच पुन्हा वाढत नाही. कीड वरवर असेल तर ती कोरून तेथे भरण केले की काम भागते. ती आतल्या नसेपर्यंत पोहोचली, तर मुळातील पोकळी स्वच्छ करून ती बंद करावी लागते. यालाच रूट कॅनाल म्हणतात.

अर्धा राहिलेला उपचार

खरा घोटाळा यानंतर होतो. रूट कॅनाल झाल्यावर ठणका थांबतो. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असे समजून रुग्ण गावी परततो आणि पुढची तारीख विसरतो. वस्तुतः ती दाढ आतून पोकळ झालेली असते. काही किडीने खाल्लेली, काही उपचारासाठी कोरलेली अशी ती भिंतींवर उभी असते. छप्पर गेलेल्या घरासारखी. चावण्याचा सर्व भार दाढांवर पडतो. एखाद्या दिवशी ऊस सोलताना, हाड फोडताना किंवा साधा भाजका शेंगदाणा चावताना तिचे दोन भाग होतात. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि आधी केलेला खर्च, फेऱ्या व सोसलेले हाल सर्व वाया जातात.

हे टाळण्यासाठी दाढेवर जे आवरण बसवितात, त्यास बोलीत कॅप व शास्त्रीय भाषेत क्राउन म्हणतात. रूट कॅनाल झालेल्या बहुतेक दाढांना कॅप लागतेच. पुढच्या दातांना मात्र पुष्कळदा नुसते भरण पुरते. कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासून लहान केली जाते, तिचे माप घेतले जाते आणि त्या मापावरून प्रयोगशाळेत कॅप तयार होते. तोपर्यंत तात्पुरती कॅप देतात. पुढच्या खेपेस कॅप बसवून पाहतात, चावताना ती उंच लागत नाही याची खात्री करतात आणि मगच ती सिमेंटने पक्की करतात. ‘किंचित उंच लागते’ हे रुग्णाने संकोच न करता सांगितले पाहिजे. नाही तर दाढ पुन्हा दुखू लागते.

कॅप धातूची, धातूवर चिनीमातीचा थर दिलेली किंवा झिरकोनियाची असते. दाताच्या रंगाची कॅप दिसावयास चांगली व खर्चास अधिक. अगदी मागच्या, न दिसणाऱ्या दाढेस साधी धातूची कॅपही उत्तम काम देते. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच चार गोष्टी विचाराव्यात : कॅप लागेल काय, ती कशाची असेल, फेऱ्या किती होतील आणि कॅप धरून एकूण खर्च किती येईल. मध्येच पैसे संपल्यामुळे उपचार सोडून देण्याची पाळी मग येत नाही.

कॅपला कीड लागत नाही. पण तिच्या कडेखाली उरलेल्या दाताला लागते. तेथील घासणी टाळून चालत नाही. नीट निगा राखल्यास कॅप दहा-पंधरा वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक टिकते.

शिक्षक व पंचायतींचे कार्य

मुलांची पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या सर्व दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. म्हणून आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडून नवी येईल’ या भरवशावर कीड दुर्लक्षितात. ती पडली तर पुन्हा येत नाही. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी पालकसभेत एवढी एक गोष्ट सांगितली, तरी पुढे कित्येक मुलांवरील रूट कॅनाल व कॅपचा प्रसंग टळेल.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दातांवर उपचार करणाऱ्यास नोंदणी आवश्यक ठरविली. बाजारातील वैदूकडे न जाता नोंदणीकृत डॉक्टरकडेच जावे, हे ग्रामसभेत सांगण्यासारखे आहे. २०२३ साली राज्य शासनाने स्वच्छ मुख अभियान सुरू केले आणि सचिन तेंडुलकर यांनी त्याचे सदिच्छादूत होण्याचे मान्य केले. अशा अभियानाचे यश मात्र गावातील शाळा, अंगणवाडी आणि पंचायत यांच्या हाती असते. रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे, मिश्री व तंबाखू सोडणे आणि गोड खाल्ल्यावर चूळ भरणे यांस पैसा लागत नाही.

गावात कोणी रूट कॅनाल करून आला असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : कॅप बसविली का? नसेल, तर त्याला पुढच्या गाडीने परत पाठवावे. ठणका थांबला आहे, दाढ अजून उभी आहे, तोवरच हे काम होते.