टाच दुखते, वेग आवरा

1920 साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तेव्हाचं अंतर 42.75 किलोमीटर, त्यांना लागले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद, क्रमांक आला एकोणिसावा. म्हणजे किलोमीटरला जेमतेम 4 मिनिटं, तीही सलग पावणेतीन तासांच्या वर! आधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली होती. भारताचा चमू ऑलिम्पिकला गेला तो त्यांच्याच पुढाकारानं.

आज मिरजगावातून जाणाऱ्या अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावर कुणी मॅरेथॉनची तयारी करू लागला, की पहिल्याच आठवड्यात घड्याळाशी झटापट सुरू होते. तिथंच घात होतो. लांबच्या धावेचा वेग असा हवा, की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. धाप लागली, की वेग जास्त झाला. छाती महिन्याभरात तयार होते, पायाचे स्नायुबंध मात्र सावकाश.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ येते, चार पावलांनी ती निवते. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा ताणला गेल्याची ही बहुतेकदा खूण असते. अशा वेळी अंतर कमी करावं, पोटऱ्यांना ताण द्यावा, झिजलेले बूट बदलावेत. डांबरीपेक्षा शेताकडची मातीची वाट बरी, फक्त खड्डे बघून.

एकाच जागी बोट टेकताच दुखत असेल किंवा सूज असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना पाय दाखवावा.