मोटारीतील बालकांचे आसन : खरे आणि खोटे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात मोटारीच्या आसनाविषयी बोलावयास उभा राहिलेला हा मास्तर कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु मघाशी दाराशी उभा असताना पाहिले की, मोटारींतून आलेली बहुतेक बालके आजीच्या मांडीवरून खाली उतरली. माझ्या घरीही हीच रीत होती.

नातवाच्या पहिल्या वाढदिवसास मी त्याला मोटारीत बसण्याचे आसन भेट दिले. चिरंजिवांनी मोबाइलवर दाखविलेल्यांपैकी सर्वांत स्वस्त ते मीच निवडले. जाड कापडाची गादी, चार पट्टे आणि वर रंगीत हत्ती! सर्वांनी कौतुक केले. पुढे सहा महिन्यांनी पुण्याहून परतताना किणी टोलनाक्याच्या अलीकडे पुढचा ट्रक एकाएकी थांबला. चिरंजिवांनी ब्रेक दाबला, टक्कर टळली. परंतु गादीचा पट्टा शिवणीतून उसवला आणि मूल पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळले. कपाळाला टेंगूळ येण्यावर निभावले. सूनबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

घरी आल्यावर मी गणित मांडले. जन्मभर तेच शिकविले. ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोचे मूल धरून ठेवण्यास सुमारे 140 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. म्हणजे साखरेची जवळजवळ तीन पोती! ‘मी घट्ट धरीन’ म्हणणाऱ्या आजीने याचा विचार करावा. मोठ्यांचीही गत वेगळी नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालील मुलास पट्टा किंवा योग्य आसनाविना नेल्यास 1,000 रुपये दंड आहे. दंडाचे भय मी घालीत नाही. बाजाराचे मात्र घालतो. पट्टा न लावताही मोटारीची सूचनाघंटी बंद ठेवणाऱ्या क्लिपा ऑनलाइन खुशाल विकल्या जात होत्या. 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांविरुद्ध आदेश काढले, तेव्हा अशा 13,118 जाहिराती उतरविण्यात आल्या. त्याच बाजारातून आपण मुलाचे आसन घेतो. माझ्यासारखी कापडी गादी इंग्लंडात विकणेही बेकायदा आहे.

गुजरीत सोने घेताना आपण हॉलमार्क पाहिल्यावाचून पैसे काढीत नाही. आसनावरही खूण असते. वर्तुळात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर, शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक, आर 44 किंवा आर 129 हा नियम, आणि मुलाच्या वजनाची अथवा उंचीची मर्यादा. आपल्याकडील मानक एआयएस 072 हे आहे. चिठ्ठी खोटीही छापता येते. म्हणून पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावे आणि क्रमांक निर्मात्याकडे पडताळावा. तान्हे मूल मागे तोंड करूनच बसवावे, आणि ज्या जागेसमोर एअरबॅग चालू आहे तेथे असे आसन कदापि ठेवू नये. अपघातात सापडलेले आसन नात्यातल्या कोणी प्रेमाने देऊ केले तरी घेऊ नये. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण आपल्या घरांत पाळणा तीन पिढ्या चालतो.

ती हत्तीची गादी मी येथे मेजावर आणून ठेवली आहे. भंगारवाल्याकडून ती दुसऱ्याच्या मोटारीत जाऊ नये म्हणून तिचे पट्टे कापून टाकले आहेत. उसवलेली शिवण तेवढी तशीच आहे; भोजनास जाण्यापूर्वी तीवर बोट फिरवून पाहावे.