कासव घरात नको, पाण्यात हवे



आज आपल्या पोखर्णीत कासवाविषयी चार शब्द सांगणार आहे. पाऊस लागला की ओढ्याला पाणी येते. कासव बाहेर पडते. पोरं ते उचलून आणतात, घंगाळात ठेवतात, भाकरी चारतात. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पाळलं तर बिघडलं कुठं?" ऐका तर.

आपल्या विहिरी-तळ्यांतल्या कासवाची पाठ मऊ कातडीची असते. ते गोगलगाई, किडे, बेडूक, मासे खाते. मेलेले जनावरही खाते. म्हणजे पाण्याची झाडलोटच करते. पाणी आटले की ते चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट बघते. मराठवाड्याचा उन्हाळा त्याला सोसतो. घंगाळ सोसत नाही. तिथे ऊन नाही, चिखल नाही, त्याचे खाणे नाही. घाण पाण्याने कातडीला रोग लागतो आणि ते झुरून मरते.

शिवाय १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याने हे कासव धरणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद. दंड कमीत कमी २५ हजार रुपये.

शहरात डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हिरवे पिल्लू विकायला असते. ते मूळचे अमेरिकेचे. आज रुपयाएवढे दिसते, पुढे ताटाएवढे होते. माणूस कंटाळतो, तळ्यात सोडतो. मग ते आपल्या कासवाचा घास हिसकावते. कासवाच्या अंगावरच्या जंतूंनी मुलांना ताप-हगवण लागते. म्हणून अमेरिकेने १९७५ साली ४ इंचांहून लहान कासवे विकायला बंदी घातली.

आणखी एक. भोंदू सांगतो, "वीस नखांचं कासव आणा, पैशाचा पाऊस पाडतो." मोजून बघा. आपल्या मऊ पाठीच्या कासवाच्या एका पायाला ३ नखे, चार पायांची झाली १२. अहो, नखांनी पैसा येत असता तर कासवानेच वाडा नसता का बांधला? पैसा जातो भोंदूच्या खिशात, आणि आपण जातो तुरुंगात.

तेव्हा कासव दिसले तर मुलांना लांबून दाखवा. रस्त्यात असेल तर ते जात असेल त्याच बाजूला नेऊन ठेवा. मग हात धुवा. जखमी असेल किंवा कोणी विकत असेल तर वन खात्याला १९२६ वर फोन करा.

देवळात गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला आपण हात जोडतो. जिवंत कासवाला निदान त्याचे पाणी तरी राहू द्या.