तानपुरा आधी

घरच्या खोलीत ख्यालाचे ध्वनिमुद्रण करताना पहिला ट्रॅक तानपुऱ्याचा असावा आणि मिश्रणातही पहिला फेडर त्याचाच वर जावा. बहुतेक घरगुती स्टुडिओंत याच्या नेमके उलटे चालते. गायक आणि साथीदार आपले काम आटोपून निघून जातात आणि मग सॉफ्टवेअरमधला तानपुरा सगळ्यांच्या खाली अंथरला जातो.

अध्यक्षपदाच्या मानाबद्दल परिषदेचे, निमंत्रकांचे आणि उपस्थित सहकाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. या व्यासपीठावरून वर्षभरातील नव्या उपकरणांचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. पण तानपुरा शेवटी अंथरण्याच्या या एका रीतीने इतके नुकसान केले आहे, की यंदा आढावा बाजूला ठेवणे भाग आहे.

चार तारांच्या तानपुऱ्यात पहिली तार पंचमाची असते. मालकंसाला ती मध्यमात मिळवतात, मारव्याला निषादात. मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखालचा दोरा योग्य जागी सरकला की जवारी उघडते आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वर ऐकू येतात. खर्जाचा पाचपट स्वर म्हणजे गंधार. काळी पाचच्या पट्टीत गायिकेचा षड्ज सुमारे 233 हर्ट्झ असतो आणि तानपुऱ्यातल्या गंधाराशी जुळणारा मध्य सप्तकातला गंधार 291 च्या आसपास येतो. पेटीचा आणि संगणकाचा समविभागी गंधार मात्र जवळजवळ 294 असतो. अंतर अवघे 14 सेंट, अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. पण दोन्ही गंधार एकत्र वाजले की सेकंदाला दोनाहून अधिक हेलकावे पडतात आणि ते कोणालाही ऐकू येतात.

1997 साली ऑटो-ट्यून बाजारात आले. तेव्हापासून गळ्याचा सूर समविभागी स्वरावर ओढण्याची दुरुस्ती बिनदिक्कत होते आणि बारा समान घरांबाहेरचा स्वर पडद्यावर चुकीचा दिसतो. पिच करेक्शन हलक्या हाताने वापरले तर ख्यालाला चालते की नाही, यावर सहकाऱ्यांत बरीच चर्चा झडली आहे. प्रस्तुत वक्त्याच्या लेखी तो वाद फार पूर्वी मिटला. एका ज्येष्ठ गायिकेचा भूप घरी मुद्रित झाला आणि मिश्रणासाठी दुसरीकडे गेला. तेथे न्यासाचा प्रत्येक गंधार वर ओढला गेला. तानपुरा बंद करून ऐकले तर काही खटकत नव्हते. तानपुऱ्याचा फेडर वर गेला आणि बाई म्हणाल्या, “गळा माझा आहे, गंधार पेटीचा आहे.” त्यानंतर या विषयात बोलण्यासारखे काही उरत नाही.

मुद्रणाची रीत अवघड नाही. गायकाच्या पट्टीचा, जवारी नीट लावलेला तानपुरा घ्यावा. मिरजेच्या कारागिरांकडे ती लावून मिळते. पंखा बंद करावा, भिंतींना गोधड्या टांगाव्यात आणि कपड्यांचे उघडे कपाट गायकाच्या पाठीशी ठेवावे. कंडेन्सर माईक घोडीपासून दीड-दोन फुटांवर असावा; फार जवळ नेला तर नुसती करकर येते. मुद्रण 24 बिटचे असेल तर सर्वांत मोठी तानही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्यावी. गायकाला हेडफोन द्यायचाच असेल तर एक कान मोकळा ठेवून द्यावा आणि त्यात तानपुरा भरपूर सोडावा.

मिश्रणात सर्वांत मोठा घात नॉइज रिडक्शन करते. अखंड चालणारा नाद त्याला गोंगाट वाटतो आणि ते जवारीच पुसून टाकते. 80 हर्ट्झचा लो-कट सवयीने लावणेही तितकेच वाईट. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झवर असतो. त्याचा पायाच कापला जातो. गायकाजवळ तानपुरा छेडला जात असेल तर तो गळ्याच्या माईकमध्येही उतरतो. अशा ट्रॅकवर जोरकस कंप्रेसर लावला की प्रत्येक तानेला तानपुरा दबतो आणि तान संपताच उसळून येतो. तो जोर कशासाठी? स्पॉटिफायसारख्या सेवा साधारण उणे 14 एलयूएफएसच्या पातळीवर सगळी गाणी आणतात; दाबून मोठे केलेले गाणे तेथे पुन्हा खालीच येते. रिव्हर्ब थोडा पुरे, कारण तारेची आस स्वतःच लांब असते. डग्ग्याची घुमक खर्जाला झाकणार नाही इतपतच ठेवावी आणि हे सारे तानपुरा चालू ठेवूनच ठरवावे.

तानपुऱ्याच्या मुद्रणासाठी एक छोटी मार्गदर्शिका परिषदेने काढावी, असा प्रस्ताव आहे. पट्टीनुसार लो-कटच्या मर्यादा, माईकच्या जागा आणि काही नमुना-मुद्रणे तिच्यात असतील. मजकूर कोणी लिहायचा आणि नमुने कोठे मुद्रित करायचे, हे कार्यकारिणी यथावकाश ठरवील.